तिळभांडेश्वराच्या गल्लीतले आबा

निवृत्तीनंतर माणसं एकदम कमी झाली. बँकेत दिवसभर नमस्कार घ्यावे लागत. आता फोनही क्वचित वाजतो. मग संध्याकाळी जुन्या नाशकात जातो आणि तिळभांडेश्वराच्या गल्लीशी हटकून थांबतो.

ही गल्ली गोविंद त्र्यंबक दरेकरांची, म्हणजे कवी गोविंदांची. जन्म १८७४चा. पाय लुळे, परिस्थिती बेताची. आधी ते लावण्या रचत. १९००च्या सुमारास सावरकर बंधूंचा मित्रमेळा इथे जमू लागला आणि आबा दरेकर त्यातलेच झाले. त्यांना चालता येत नव्हतं, पण मेळ्यासाठी रचलेली त्यांची पदं गावभर फिरली. तीच छापली म्हणून १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली. आपल्या शब्दांपायी मित्र अंदमानात! आबांनी ते कसं सोसलं असेल, इथे मी नेहमी अडखळतो.

१९२६ साली ते गेले. मरणाला सामोरं जाताना त्यांनी ‘सुंदर मी होणार’ ही कविता लिहिली, पुढे पु. लं.नी ते नाव आपल्या नाटकाला दिलं.

परवा नातवाला गल्ली दाखवली. आबा मित्रांकडे जायचे कसे, त्यानं विचारलं. मी म्हटलं, मित्रच त्यांच्याकडे यायचे.