मुलाला ऐकू कमी येतंय? कानातल्या पाण्यावर उपाय शोधणारे अ‍ॅडम पोलित्झर कोण होते?

कान दुखत नाही, वाहतही नाही. पण हाक मारली तर मूल वळून पाहत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतं. जासईतलं घर असो की मुंबईतला फ्लॅट, अशा मुलाला अनेकदा 'लक्ष देत नाही' म्हणून ओरडा बसतो. प्रत्यक्षात पडद्यामागे, मध्यकर्णात पाणी साचलेलं असू शकतं. या आजाराच्या उपचारात आजही एका डॉक्टरचं नाव घेतलं जातं.

कोण होते पोलित्झर?
१८३५ मध्ये हंगेरीत जन्मलेले पोलित्झर १८५९ मध्ये व्हिएन्नात डॉक्टर झाले. १८७३ मध्ये योसेफ ग्रुबर यांच्यासोबत त्यांनी तिथे कानाच्या आजारांसाठी खास रुग्णालय विभाग सुरू केला. ते उत्तम चित्रकारही होते.

त्यांनी काय शोधलं?
नाकामागून मध्यकर्णाकडे एक नळी जाते. गिळताना ती उघडते आणि कानात हवा पोहोचते. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती बंद पडली की पाणी साचतं. त्या काळी नाकातून धातूची नळी घालून हवा सोडत. मुलांसाठी तो प्रकार त्रासाचाच. पोलित्झर यांनी १८६३ मध्ये सोपी युक्ती मांडली. रुग्णाने पाण्याचा घोट गिळायचा आणि त्याच क्षणी नाकपुडीला लावलेला रबरी फुगा दाबायचा.

ग्रोमेटशी संबंध काय?
पडद्याला पाडलेलं छिद्र लवकर बुजतं. ते उघडं राहावं म्हणून पोलित्झर यांनी रबराची छोटी कडी बसवून पाहिली, पण ती टिकेना. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी प्लास्टिकची नळी वापरली आणि हा उपाय रुळला.

आज उपचार काय?
बहुतेक मुलांमध्ये पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. तोवर डॉक्टर लक्ष ठेवतात. मोठ्या मुलांना नाकाने फुगा फुगवायला सांगतात. तत्त्व पोलित्झर यांचंच. दोन्ही कानांत पाणी राहिलं आणि ऐकणं कमी झालं, तर ग्रोमेटचा विचार होतो. कानात तेल टाकून उपयोग नाही, कारण पाणी पडद्याच्या आत असतं.

पोलित्झर यांचं १९२० मध्ये निधन झालं. बोलणं शिकण्याच्या वयात ऐकणं कमी झालं तर भाषा आणि अभ्यास दोन्ही मागे पडू शकतात. त्यामुळे ओरडण्याआधी मुलाचे कान तपासून घ्या.