चिक चॉकलेट : हळदोण्याचे ट्रंपेटवादक

मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ रसिक ज्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत, त्या चिक चॉकलेट यांचे खरे नाव अँतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या हळदोणे या गावी झाला. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत, ते उपासनेतील गायनासाठी. परंतु याच शिदोरीवर गोव्याच्या कितीतरी तरुणांनी पुढे मुंबई, कलकत्ता, रंगून येथील वाद्यवृंदांत पोट भरले. मुलाने मेकॅनिक व्हावे अशी अँतोनियोच्या आईची इच्छा होती. त्याने मात्र हाती ट्रंपेट घेतला.

ग्रामोफोनच्या तबकड्या पुन:पुन्हा ऐकून त्यांनी आर्मस्ट्राँग यांचे वादन आत्मसात केले. घोगरा आवाज आणि हातातला रुमालही त्यांनी उचलला. (आर्मस्ट्राँगही जन्माने कॅथलिकच. त्यांची खरी जन्मतारीख, ४ ऑगस्ट १९०१, त्यांच्या मृत्यूनंतर न्यू ऑर्लीन्समधील एका चर्चच्या स्नानसंस्कार नोंदवहीतून उजेडात आली.) हे सरळसरळ अनुकरण होते आणि चिक यांनी ते कधी लपविले नाही. श्रोत्यांनाही तेच हवे असे. ताजमहाल हॉटेलात नाचावयास येणाऱ्यांना हळदोण्याचे नव्हे, अमेरिकेचे सूर ऐकावयाचे होते.

त्यांची स्वत:ची प्रतिभा दिसली ती हिंदी चित्रपटात, आणि गंमत अशी की, तेथे नावाची पाटी बहुधा दुसऱ्याची असे. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचे ते सहकारी झाले. त्या काळच्या पुष्कळशा संगीतकारांना पाश्चात्त्य स्वरलिपी अवगत नसे. ते चाल गुणगुणत. ती कागदावर उतरविणे, कोणते वाद्य कोठे वाजेल ते ठरविणे, दोन कडव्यांमधील संगीत रचणे ही कामे गोमंतकीय ख्रिस्ती वादक करीत. तबकडीवर मात्र त्यांचा उल्लेख क्वचितच होई.

‘समाधी’ (१९५०) मधील ‘गोरे गोरे’ या गीताची चाल कार्मेन मिरांडा यांनी १९४५ च्या एका अमेरिकी चित्रपटात गायिलेल्या गाण्यावरून घेतली होती. तिला चोरी म्हणणारे म्हणोत. पण तो लॅटिन ठेका हिंदी शब्दांना इतका सहज चिकटला की, मूळ गाणे येथे कोणाच्या स्मरणातही नाही. पुढच्याच वर्षी भगवानदादांच्या ‘अलबेला’त झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेले चिक व त्यांचे साथीदार पडद्यावरच अवतरले. परक्या ठेक्यांना येथील रागदारीची व लोकसंगीताची जोड देणारी ही गाणी ना पूर्ण अमेरिकेची ना पूर्ण भारताची. माझ्या मते नेमके तेच त्यांचे अस्सलपण. आर्मस्ट्राँगची हुबेहूब नक्कल करणाऱ्या चिक यांच्यापेक्षा हे चिक मोठे होत.

संगीत दिग्दर्शक म्हणूनही त्यांना ‘नादान’ (१९५१) सारखे चित्रपट मिळाले. परंतु त्यांचा उदरनिर्वाह मुख्यत्वे वादनावरच राहिला.

१९६६ साली चेतन आनंद यांच्या ‘आखरी खत’ मध्ये खय्याम यांचे ‘रुत जवाँ जवाँ’ हे गीत भूपिंदर यांनी गायिले. त्यात चिक आपल्या ट्रंपेटसह काही क्षण अगदी जवळून दिसतात. त्यानंतर वर्षभरातच, मे १९६७ मध्ये, त्यांचे निधन झाले.