मोहाच्या गावचा व्हिएन्नाकर

द्राक्षमळ्यांनी वेढलेल्या व्हिएन्नात १९०९ साली जन्मलेले क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ महायुद्धामुळे निजामी राज्यात अडकले. १९४० साली कुमरम भीम धारातीर्थी पडल्यावर आदिलाबादच्या गोंडांच्या असंतोषाचे मूळ शोधणे त्यांच्याकडे आले. मोहाची दारू गोंड पेन-देवांना अर्पितात. आबकारी खात्यास तीच केवळ महसूल. काजूची फेणी जाणणाऱ्या गोमंतकीयास हा भेद सांगणे न लगे! पण खरे दुखणे हिरावलेल्या जमिनीचे, हे त्यांनी ओळखले. गोंडांना पट्टे मिळावेत म्हणून ते झटले. १९४३ मध्ये मारलवाईस गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. पत्नी एलिझाबेथ १९८७ साली निवर्तल्या. त्यांची समाधी मारलवाईतच आहे. १९९५ साली लंडनमध्ये हाइमेनडॉर्फ वारले. त्यांच्या अस्थीही पुढे तेथेच विसावल्या.