उष्णतेआड दडलेल्या कणाचा द्रष्टा

प्रकाश पडला की पदार्थ तापतो, हा नित्याचा अनुभव. पण प्रकाश शोषला गेल्यापासून त्याची उष्णता होईपर्यंत पदार्थात नेमके काय घडते, हा प्रश्न याकोव्ह फ्रेंकेल यांना पडला आणि त्यातूनच 'एक्सायटॉन' ही संकल्पना जन्मली.

फ्रेंकेल यांचा जन्म १८९४ मध्ये रशियातील रोस्तोव्ह-ऑन-डॉन येथे झाला. १९१६ मध्ये पेत्रोग्राद विद्यापीठाची पदवी घेतल्यावर यादवी युद्धाच्या काळात त्यांनी क्रिमियात अध्यापन केले. तेथे १९१९ मध्ये त्यांना तुरुंगवासही भोगावा लागला. १९२१ पासून लेनिनग्राडची भौतिक-तांत्रिकी संस्था हीच त्यांची कर्मभूमी ठरली. १९२६ मध्ये त्यांनी वर्णिलेला स्फटिकातील दोष आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१९३१ मध्ये त्यांनी मांडले की, प्रकाशाने अणू उत्तेजित झाला तरी इलेक्ट्रॉन मोकळा होतोच असे नाही. तो आणि त्याची रिकामी झालेली जागा परस्परांशी बांधलेली राहतात आणि ही उत्तेजना स्फटिकात एका अणूवरून दुसऱ्या अणूवर प्रवास करते. अर्धवाहकांत ही जोडी सैल बांधलेली असते, असे ग्रेगरी वॅनियर यांनी १९३७ मध्ये दाखविले.

मात्र प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास दोन दशके लागली. त्यामागचे प्रमुख कारण होते तापमान. खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतकी असते. गॅलियम आर्सेनाइडमधील जोडीची बंधनऊर्जा तिच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. साहजिकच जोडी तुटते. शिवाय अणूंच्या कंपनांमुळे वर्णपटातील रेषा पसरट होतात. पदार्थ थंड केला की कंपने मंदावतात आणि रेषा स्पष्ट उमटतात. १९५१ मध्ये लेनिनग्राडमध्येच येवगेनी ग्रॉस यांना अतिशीत क्युप्रस ऑक्साइडच्या वर्णपटात हायड्रोजनसारखी रेषामालिका आढळली.

फ्रेंकेल यांची अखेरची वर्षे सुखाची नव्हती. विज्ञानाला राजकीय तत्त्वज्ञानाच्या चौकटीत बसविण्यास त्यांचा विरोध होता आणि त्याबद्दल त्यांना कठोर टीका सोसावी लागली. द्रवांच्या गतिज सिद्धांतावरील ग्रंथासाठी १९४७ मध्ये स्टालिन पारितोषिक मिळूनही ती थांबली नाही. जानेवारी १९५२ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सेंद्रिय अर्धवाहकांतील फ्रेंकेल-एक्सायटॉन इतका घट्ट बांधलेला असतो की, तो खोलीच्या तापमानालाही टिकतो. आज असंख्य मोबाइलचे ओएलईडी पडदे उजळतात, ते त्याच्याच बळावर.