डॉ. गिडियन मँटेल व त्यांचा कणा

इ. स. १७९५ च्या मार्च महिन्यात आमच्या खर्ड्याच्या माळावर मराठे व निजाम यांची लढाई झाली, हे आमच्या विद्यार्थ्यांस मुखोद्गत आहे. त्या समयी इंग्लंडातील लुईस गावी जोडे करणाऱ्या एका कारागिराचा मुलगा पाच वर्षांचा होता. त्याचे नाव गिडियन मँटेल.

पुढे ते डॉक्टर झाले. रोगी पाहून सवड मिळाली की खाणीतील दगड तपासावे, हा त्यांचा नित्यक्रम असे. त्यात काही चमत्कारिक दात हाती आले. मोठमोठ्या पंडितांनी ते कोणी माशाचे, तर कोणी गेंड्याचे ठरविले. मँटेल यांनी मात्र हट्ट सोडला नाही. ते पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या, पाला खाणाऱ्या एका प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्याचे आहेत, असे दाखवून १८२५ साली त्यांनी त्यास इग्वानोडॉन हे नाव दिले. आज ज्यांस डायनासोर म्हणतात, त्यांपैकीच हा एक.

या छंदापायी घराचे संग्रहालय झाले व धंदा खालावला. १८३८ साली सारा संग्रह ब्रिटिश म्युझियमला विकावा लागला. पाठोपाठ पत्नी घर सोडून गेली व मुलगी वारली. त्यांच्या बुद्धीचे कौतुक करताना त्या घरातील माणसांची कीव आल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

१८४१ साली लंडननजीक गाडीवरून पडून ते लगामात गुंतले व फरफटत गेले. तेव्हापासून पाठीच्या वेदनांनी त्यांस सोडले नाही. कमरेशी एका बाजूस फुगवटा आला. ती गाठ किंवा गळू असावे, असा तर्क झाला. अफू घेऊन ते व्याख्याने देत, ग्रंथ लिहीत राहिले, आणि १८५२ साली अफूचीच मात्रा अधिक होऊन निवर्तले.

शवपरीक्षेत गाठ सापडलीच नाही. कणा बाजूस वाकून स्वतःभोवती पिळला होता, आणि मणक्यांची बाजूची हाडे वर येऊन तो फुगवटा झाला होता! स्वतः वैद्य असून त्यांस हे कळले नाही; कारण कणा आतून पिळला तरी पाठीची मधली रेषा वरून फारशी वाकडी दिसत नाही. विल्यम अॅडम्स या शस्त्रवैद्यांनी त्या कण्याचा अभ्यास केला, आणि पुढे १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत रोग्यास पुढे वाकवून पाठ पाहण्याची रीत सांगितली.

तीच रीत आजही शाळांतून चालते. मुलाने उघड्या पाठीने, गुडघे ताठ व हात जोडून खाली सोडून, कमरेतून वाकावे. पाहणाऱ्याने मागून पाहावे. एका बाजूच्या फासळ्या किंवा कंबर उंच दिसली, तर डॉक्टरांस दाखवावे. मुलीची पाठ आईने पाहावी. दहा ते पंधरा या वयात हे विशेष अगत्याचे. मुलींत वाक वाढण्याचा संभव अधिक. दप्तराच्या ओझ्याने हा दोष होतो, ही समजूत खरी नव्हे. बहुतेक मुलांत त्याचे कारण अद्याप सापडलेले नाही. वाक मध्यम असून मूल वाढत असेल, तर पट्टा बांधून तो पुष्कळदा थोपविता येतो. वाढ पुरी झाल्यावर पट्ट्याचा तसा उपयोग होत नाही.