धूमकेतूंच्या बक्षिसावर घर उभारणारे बर्नार्ड

अमेरिकेतील नॅशव्हिल येथे १६ डिसेंबर १८५७ रोजी जन्मलेल्या एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांचे पितृछत्र जन्माआधीच हरपले होते. शाळा जेमतेम दोन महिने घडली. वयाच्या नवव्या वर्षी ते एका छायाचित्रकाराकडे नोकरीस लागले. छायाचित्रे मोठी करणारे छपरावरील अवजड यंत्र सतत सूर्याकडे रोखून धरायचे, हे त्यांचे काम.

१८७७ मध्ये त्यांनी पाच इंची दुर्बीण घेतली. नवा धूमकेतू शोधणाऱ्यास वॉर्नर नावाचे धनिक दोनशे डॉलर देत. बर्नार्ड यांनी घराचे हप्ते या बक्षिसांतूनच फेडले. शेंडेनक्षत्र म्हणजे अरिष्ट अशी जगभर समजूत. यांच्या दारी मात्र ते लक्ष्मीच्या पावलांनी आले.

१८८८ मध्ये ते कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत रुजू झाले. तिथे त्यांनी आकाशचित्रणासाठी वापरले ते व्यक्तिचित्रे काढण्याचे सहा इंची जुने भिंग. धूमकेतू ताऱ्यांमधून सरकत असल्यामुळे दुर्बिणीतून त्याच्या शीर्षावर नजर खिळवून यंत्र हाताने हलवत राहावे लागे, तेही तासन्‌तास, थंडीत. मग काचेवर धूमकेतू रेखीव उमटे आणि तारे रेघांसारखे ओढले जात. बालपणीच्या छपरावरील तपश्चर्या अशी कामी आली. १२ ऑक्टोबर १८९२ रोजी अशाच एका काचेवर त्यांना अनोळखी धूमकेतू आढळला. छायाचित्रातून लागलेला धूमकेतूचा तो पहिला शोध. महिनाभर आधीच त्यांनी गुरूचा पाचवा उपग्रह डोळ्यांनी शोधला होता.

ऑक्टोबर १८९३ मधील ब्रूक्स धूमकेतूची चित्रे अधिक मोलाची ठरली. एका रात्री सरळ असलेली शेपटी पुढच्या रात्री वाकडीतिकडी, छिन्नभिन्न दिसली. वाटेत काहीतरी आडवे आले असावे, असा बर्नार्ड यांचा तर्क होता. सूर्यापासून अखंड वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताची कल्पना लुडविग बिअरमान यांनी धूमकेतूंच्या शेपट्यांवरून मांडली, ती १९५१ मध्ये. शेपट्या तुटण्यामागे त्या झोतातील उलथापालथ असते, हे आज ज्ञात आहे.

१८९५ पासून यर्किस वेधशाळेत काम करणाऱ्या बर्नार्ड यांचे ६ फेब्रुवारी १९२३ रोजी निधन झाले. १८९२ चा तो धूमकेतू पुढे हरवला होता. आंद्रेआ बोआतिनी यांना तो २००८ मध्ये पुन्हा सापडला. आता तो दोघांच्या नावे ओळखला जातो.