आरफळचे सरदार, आळंदीची पायरी



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली म्हणून स्मरणिका काढायची ठरली, आणि मंडळींनी आम्हाला एखादं चरित्र लिहून द्या म्हणून सांगितलं. आम्ही चौथी शिकलेलो. शेती करायची आणि बोलावतील तिथं कीर्तनाला उभं राहायचं, एवढाच आमचा धंदा. बोलायला तास पुरत नाही, पण लिहायला बसलं की एक ओळ सुधरत नाही. तरी सेवा म्हणून लिहितो. चुकलं माकलं तर पदरात घ्यावं.

माउलींवर, तुकोबारायांवर लिहिणारे थोर थोर लोक आहेत. आम्ही गुरुवर्य हैबतबाबांवर लिहितो. एक तर ते आपल्या सातारा जिल्ह्याचे. दुसरं म्हणजे ते फौजेतून परत आलेले. आणि हे दुसरं आम्हाला कुणी महाराजांनी सांगितलं नाही, आपल्याच दिंडीतल्या एका पेन्शनरानं ध्यानात आणून दिलं. ते पुढं येईल.

हैबतराव पवार हे त्यांचं नाव. गाव आरफळ, सातारा तालुका. आता आरफळ म्हटलं की लोकांना कालवा आठवतो. पण वारकऱ्याला आरफळकर म्हटलं की हात जोडावे वाटतात. त्या काळात आपल्याकडची पोरं शिंदे-होळकरांच्या फौजेत जायची, जशी आता मिलिटरीत जातात. आपल्या जिल्ह्यात अपशिंगे गावाला तर मिलिटरी असंच नाव पडलंय. तसे हैबतराव ग्वाल्हेरला शिंद्यांच्या चाकरीत गेले आणि सरदारकीला चढले. घोडा, तलवार, तंबू, हाताखाली माणसं. काळ मात्र उतरता होता. १८०३ साली शिंद्यांची इंग्रजांशी मोठी लढाई झाली, १८१८ ला पेशवाई बुडाली. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज बसले खरे, पण वर इंग्रजांचा साहेब.

अशा दिवसांत हैबतराव आपली मिळकत घेऊन देशाकडं परत निघाले. आता इथून पुढची गोष्ट जुनी माणसं सांगत आली तशी सांगतो. वाटेत सातपुड्याच्या डोंगरात भिल्लांनी त्यांना अडवलं आणि गुहेत कोंडून ठेवलं. सरदारानं तिथं हरिपाठ धरला. दिवस मोजले नाहीत, अन्नाची फिकीर केली नाही. एकविसाव्या दिवशी भिल्लांच्या नाईकाला मुलगा झाला. या कोंडलेल्या माणसाच्या नामस्मरणाचंच हे फळ, असं त्या घरानं मानलं आणि हैबतरावांना मानानं सोडून दिलं. कीर्तनात काही मंडळी इथं भिल्लांना फार काळं रंगवतात. आम्हाला ते पटत नाही. आपणही डोंगरातलीच माणसं. त्यांनी धरलं तसं सोडलंही, आणि घरी आनंद झाला तर कैद्याला त्याचा वाटा दिला. एवढं तरी सांगावं.

सुटल्यावर खरं तर आरफळला जायचं. घर वाट बघत असणार. माणूस इतकी वर्षं उत्तरेत राहून, मरणाच्या तोंडातून सुटून येतो, तेव्हा आधी उंबरा गाठतो. हैबतराव आळंदीला गेले. माउलींच्या समाधीपुढं उभे राहिले आणि तिथलेच झाले. हातात वीणा घ्यायची आणि अभंग म्हणत उभं राहायचं, हा त्यांचा नेम झाला.

हे सांगताना आम्ही दरवेळी अडखळतो. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचं प्रस्थान, आणि नेमका त्याच दिवसांत पाटण खोऱ्यात पाऊस लागतो. भाताचा तरवा काढायला आलेला, चिखलणी व्हायची राहिलेली, बैल दुसऱ्याकडं सावडीला. गडी माणूस पताका घेऊन निघून जातो आणि लावण घरच्या बाईच्या गळ्यात पडते. आमच्या घरी किती सालं असंच झालं. आम्ही कीर्तनात वारीचं पुण्य सांगितलं, पण गुडघाभर चिखलात कोण उभं होतं ते नाही सांगितलं. म्हणून हैबतबाबांच्या चरित्रात आरफळच्या त्या घराची आठवण आम्हाला येते. त्या घरच्या माउलीचं नाव पोथीत कुठं येत नाही.

आता पालखीचं. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीला येऊन माउलींच्या पादुका घ्यायच्या आणि एकाच पालखीतून पंढरीला न्यायच्या, असं पुष्कळ वर्षं चाललं. ज्ञानोबा-तुकाराम हा गजर त्यातलाच. पुढं मानावरून आणि हक्कावरून घरात वाद झाले. तेव्हा हैबतबाबांनी आळंदीहून माउलींचा सोहळा वेगळा काढला. साल साधारण १८३२. सोबतीला वासकर, खंडोजीबाबा, शेळके अशी मंडळी. खर्चाला आणि लवाजम्याला अंकलीचे शितोळे सरदार उभे राहिले. त्यांच्या घरात शिंद्यांची लेक दिलेली, म्हणजे हैबतबाबांच्या जुन्या धन्याचेच सोयरे. तंबू, नैवेद्य, घोडे त्यांच्याकडून. अजून बेळगावकडच्या त्या अंकलीहून घोडे पायी आळंदीला येतात.

आता त्या पेन्शनराचं सांगतो. आमच्या शेजारचे एक तात्या विमानदलात होते. विमान चालवणारे नव्हते, इंजिनं दुरुस्त करायचे. नोकरी संपवून ट्रंक घेऊन पाटणला आले, थोडी शेती बघितली आणि आमच्या नादानं दिंडीत आले. माळकरी घरातले नव्हते. पहिल्या साली त्यांना अभंगही येत नव्हते. पण दोन मुक्काम झाले आणि ते आम्हाला म्हणू लागले की ही सगळी मांडणी कुणा तरी फौजी माणसानं केलेली दिसतेय. त्यांना हैबतबाबांचं नावही माहीत नव्हतं, बघा. पहाटे कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याला सामान आवरायचं, दुसऱ्याला आपल्या जागी यायचं, तिसऱ्याला पालखी हलते. दिंड्यांना नंबर, रथापुढं सत्तावीस, बाकीच्या मागं. ज्यानं त्यानं आपल्या नंबरात चालायचं. कुठल्या वेळी कुठले अभंग, त्याची भजनी मालिका बाबांनी लावून दिलेली. हे सगळं तात्यांनी बुटाच्या आवाजावरून ओळखावं तसं ओळखलं.

आणि मुक्कामाची समाजआरती. हजारो माणूस, टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ, आणि चोपदारानं चोप वर केला की सगळं चिडीचूप. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिनं तेवढं टाळ वाजवत राहायचं. मग चोपदार तिकडं जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो. हरवलं-सापडलं तिथंच पुकारतात. कुणाचा तांब्या, कुणाची पिशवी.

एक साल तारडगावच्या मुक्कामाला आम्हीही टाळ वाजवत राहिलो. दिवसभर पावसानं झोडपलं होतं. एका दिंडीनं आमच्या पुढं घुसून जागा धरली, आमची पोरं त्यांच्या अंगावर गेली, एका म्हाताऱ्या आजीला धक्का लागून ती चिखलात पडली. आम्ही तेव्हा तरणे होतो आणि गरम होतो. सगळा तळ गप्प आणि आमचेच टाळ वाजतायत, याचा आम्हाला अभिमानही वाटला असेल. चोपदार आले. विचारपूस झाली तेव्हा निघालं की पावसाच्या सरीला आम्हीच नंबर सोडून एका गोठ्याच्या आडोशाला गेलो होतो. मोकळी जागा बघून मागचे पुढं आले. चूक आधी आमची. टाळ खाली ठेवावे लागले.

रात्री राहुटीत कुणी जेवेना. तात्या त्या आजीचे पाय चेपत बसले होते. त्यांनी एवढंच सांगितलं की विमानाचं काम करताना एकानं आपली जागा सोडली तर इजा त्याला होत नाही, दुसऱ्याला होते. मग आम्ही उठून त्या दुसऱ्या दिंडीच्या राहुटीत गेलो आणि त्यांच्या विणेकऱ्यांच्या पाया पडलो. त्यांनी आम्हाला पोटाशी धरलं आणि पिठलं-भाकरी वाढली.

त्या रात्रीपासून हैबतबाबा आम्हाला कळू लागले असं म्हणायला हरकत नाही. त्यांनी फौजेतलं काहीच टाकून दिलं नाही. कर्णा तोच, तंबू तेच, घोडे तेच, चोपदाराची काठी तीच. फक्त दोन घोड्यांतल्या एकावर स्वार जरीपटका घेऊन बसतो आणि दुसऱ्याची पाठ मोकळी ठेवतात. तो माउलींचा. सरदारानं आपली जागा कुठं धरली? आळंदीला महाद्वारात पायरीखाली. तिथं त्यांची समाधी आहे. येणाऱ्या वारकऱ्याचे पाय आपल्यावर पडावेत, ही त्यांची इच्छा होती म्हणतात. कार्तिकीचा आळंदीचा सोहळा आजही त्या पायरीच्या पूजेनं सुरू होतो. आणि आरफळचं ते घर, ज्याची आम्हाला काळजी वाटते, तेही मागं राहिलं नाही. पवार आरफळकर आजही सोहळ्याचे मालक म्हणून माउलींबरोबर चालतात.

तात्या शेवटपर्यंत कार्तिकीला आले. गुडघे वाकत नव्हते. पायरीपाशी आले की पाठीमागची रांग थांबवून आधी टाचा जुळवून ताठ उभे राहायचे, मग आमच्या खांद्याला धरून हळूहळू खाली बसायचे आणि कपाळ टेकवायचे. मागचे लोक चला माउली, चला माउली करायचे. आता त्यांचा मुलगा आपल्या दिंडीत आहे, झेंडेकऱ्यांत चालतो. आणि दोन सालं झाली, आमच्या घरची मंडळीही वारीला येतात. लावण आम्ही आधी उरकून घेतो, नाही उरकली तर पोरगा बघतो. गेल्या कार्तिकीला पायरीवर त्यांनी आमच्या आधी डोकं ठेवलं.